डोळ्यातले कुसळ आणि नोंदवहीतला रकाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आरोग्याच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत बोलले जाते ते इस्पितळे, खाटा, डॉक्टरांची संख्या आणि औषधांच्या किमती यांविषयी. ते बोलायलाच हवे. परंतु रोगाला नाव कोण देतो, ते नाव कागदावर कसे उतरते आणि उतरताना त्यातून काय गळून पडते, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. तो डॉक्टरांचा आणि कारकुनांचा विषय मानला जातो. वस्तुतः तो कष्टकऱ्यांच्या हक्काचा विषय आहे. कारण जे नोंदले जात नाही ते मोजले जात नाही, जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, आणि ज्याची तरतूद नाही त्याची भरपाई तर दूरच राहते. हे सूत्र हवेत राहू नये म्हणून आजच्या विवेचनासाठी एकच रोग घेतला आहे. तो म्हणजे डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा दाह.

रोग आणि त्याचे बळी

या पडद्याला शास्त्रीय परिभाषेत स्वच्छमंडल म्हणतात आणि त्याच्या दाहाला डॉक्टर केरॅटायटिस म्हणतात. पडद्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा निर्मळ राहतो आणि प्रकाश आत जाऊ देतो. त्याच्या पृष्ठभागावरील पेशींचा पातळ थर अखंड असेतोवर बहुतेक जंतूंना आत शिरकाव मिळत नाही. भाताचे कुसळ, उसाच्या पात्याची धार, मळणीच्या वेळी उडालेला भुसा किंवा खडी फोडताना उडालेली कपची यांनी या थराला ओरखडा पडला, की मातीतली आणि पाल्यातली बुरशी किंवा जीवाणू आत उतरतात. व्रण तयार होतो. उपचार वेळेवर झाला नाही तर व्रण खोल जातो, प्रसंगी पडदा फुटतो. व्रण भरला तरी त्या जागी पांढरा डाग उरतो. खेड्यात ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात ते यालाच. या फुलाला गंध नाही, आणि ते पुन्हा गळूनही पडत नाही.

हा रोग किती मोठा आहे? मदुराई जिल्ह्यात झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले, की तेथे दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ११३ जणांना स्वच्छमंडलाचा व्रण होतो. अमेरिकेतील एका परगण्याच्या तुलनीय अभ्यासात हा आकडा ११ होता. तफावत दहापट आहे. मदुराईच्याच इस्पितळात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांचा तपशीलवार अभ्यास झाला. त्यांपैकी ६५ टक्क्यांहून अधिक जणांनी आधी डोळ्याला इजा झाल्याचे सांगितले, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण शेतीत राबणारे होते. दोन्ही देशांतील माणसांचे डोळे सारखेच आहेत, फरक आहे तो त्या डोळ्यांसमोरच्या कामात. देशभर २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या अंधत्वाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने हेच चित्र दुसऱ्या बाजूने दाखविले. पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे पहिले कारण मोतिबिंदू आहे. परंतु पन्नाशीच्या आतल्या लोकांत पहिले कारण स्वच्छमंडलाची अपारदर्शकता हे आढळले, आणि त्याचे प्रमाण ३७.५ टक्के होते. मोतिबिंदू म्हातारपणाची दृष्टी नेतो. हा रोग कमावत्या वयातली दृष्टी नेतो.

निदान

डोळा लाल झाला, की घरात, दुकानात आणि कित्येकदा दवाखान्यातही एकच वाक्य उच्चारले जाते : ‘डोळे आले आहेत.’ पण डोळे येणे आणि बुबुळाचा दाह यांत फरक आहे, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. डोळे येतात तेव्हा चिकटा येतो, खाज सुटते, मात्र नजर बहुधा शाबूत असते. बुबुळाच्या दाहात डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, पाणी गळते, नजर अंधुक होते आणि पुष्कळदा बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. फ्लुरोसिन या रंगद्रव्याची पट्टी डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात पाहिले, की ओरखडा हिरवा चमकतो. या तपासणीला ना मोठे यंत्र लागते, ना मोठा खर्च.

दाह आहे हे ठरले, तरी तो कशाचा हे ठरायचे राहतेच. नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूचा व्रण झाडाच्या फांदीसारखा फुटलेला दिसतो आणि पडद्याची संवेदना कमी झालेली असते. बुरशीच्या व्रणाच्या कडा पिसासारख्या विरविरीत असतात आणि आजूबाजूला लहान ठिपके उमटतात. गढूळ पाण्यातून येणाऱ्या अकॅन्थअमीबा या सूक्ष्म जीवाच्या बाधेत व्रणाच्या मानाने वेदना फार मोठी असते. तथापि नुसत्या नजरेने केलेला हा तर्क अनेकदा चुकतो. म्हणून स्लिट लॅम्पखाली व्रण हळुवार खरवडून तो अंश काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू असतील तर ते काही मिनिटांत दिसतात. मदुराईच्या अभ्यासात ज्यांच्या व्रणातून जंतूंची वाढ मिळाली, त्यांत ४६.८ टक्के रुग्णांत केवळ बुरशी आणि ४७.१ टक्के रुग्णांत केवळ जीवाणू होते. म्हणजे अंदाजाने औषध देणे हे जवळजवळ नाणे उडविण्यासारखे ठरते.

आणि या नाणेफेकीची किंमत रुग्ण मोजतो. बुरशीवर जीवाणूंचे औषध चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. ते घातले की लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशी मोकाट पसरते. हे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे, तरी ते चिठ्ठीवाचून विकले जातात. बुरशीवर उपयोगी पडणारे नॅटामायसिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. पण औषध यादीत असणे वेगळे आणि तालुक्याच्या इस्पितळातील फडताळात असणे वेगळे.

संकेतांकाचे राजकारण

निदान झाले, की ते केस पेपरवर लिहिले जाते आणि पुढे त्याचा संकेतांक होतो. मृत्यूच्या कारणांची शिस्तशीर वर्गवारी एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये विल्यम फार यांनी हाती घेतली, १८९३ मध्ये झाक बर्तियाँ यांच्या यादीने तिला आंतरराष्ट्रीय रूप दिले, आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्याकडे घेऊन तिच्यात मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश केला. तिच्या दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तरी अनेक ठिकाणच्या नोंदी आजही दहाव्या आवृत्तीच्याच भाषेत आहेत. म्हणून येथील उदाहरणे त्या आवृत्तीतली आहेत.

दहाव्या आवृत्तीत स्वच्छमंडलाच्या दाहाचा संकेतांक आहे एच-१६. त्याला सात पोटविभाग आहेत. एच-१६.० म्हणजे व्रण, एच-१६.१ म्हणजे वरवरचा दाह, ज्यात वेल्डिंगच्या झोताने होणारा दाहही येतो, एच-१६.३ म्हणजे खोलवरचा दाह, याप्रमाणे. सर्वांत शेवटी एच-१६.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. या सात विभागांत दाह कोठे आणि किती खोल आहे हे सांगण्याची सोय आहे, परंतु तो बुरशीने झाला असे नावाने सांगणारा विभाग एकही नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तर अनिर्दिष्टाचा आश्रय घेणे सर्वांत सोपे. इजेतून, मजुरीतून, चुकीच्या औषधातून आणि उशिरातून घडलेली सारी कहाणी त्या एका ‘नऊ’ आकड्यात गडप होते.

मात्र दोष वर्गीकरणाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. त्याच ग्रंथाच्या विसाव्या प्रकरणात बाह्य कारणांचे संकेतांक आहेत. वनस्पतीचे काटे आणि धारदार पाती यांच्या स्पर्शासाठी डब्ल्यू-६० आहे. मानवनिर्मित अतिनील प्रकाशासाठी डब्ल्यू-८९ आहे. डब्ल्यू-६० ला सात हा अंक जोडला, की घटना शेतावर घडली असा अर्थ होतो. आणखी एका अंकाने ती व्यक्ती त्या वेळी मोबदल्यासाठी काम करीत होती हेही सांगता येते. आजाराचा संबंध कामाशी आहे एवढेच नोंदविण्यासाठी वाय-९६ हा स्वतंत्र संकेतांक आहे. तात्पर्य, भात कापताना कुसळ लागून डोळा गेलेल्या मजूर स्त्रीची हकीकत सांगण्याइतकी भाषा या ग्रंथात आहे. वाण आहे ती भाषा वापरणाऱ्यांची.

आणखी एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने मुलांच्या बुबुळावर व्रण पडतो, पडदा मऊ होऊन वितळतो. हा रोग दिसतो डोळ्यात, पण वर्गीकरणाने तो डोळ्याच्या प्रकरणात ठेवलेला नाही. तो कुपोषणाच्या प्रकरणात ई-५० या संकेतांकाखाली आहे. हा निर्णय शहाणपणाचा होता. एच लिहिले की प्रश्न थेंबांच्या बाटलीशी थांबतो. ई लिहिले की तो अंगणवाडीत, रेशनच्या दुकानात आणि आईच्या ताटापर्यंत पोहोचतो. काही रोगांसाठी या ग्रंथात दुहेरी खूण आहे, मूळ कारणाला खंजीर आणि डोळ्यातील परिणामाला तारा. नियम असा, की खंजिराचा संकेतांक आधी आणि अवश्य लिहायचा. कारण आधी, परिणाम नंतर, हे तत्त्व वर्गीकरणाने स्वतःच मान्य केले आहे. शेतमजुराच्या बाबतीत तेवढेच पाळावे, एवढीच अपेक्षा.

संकेतांक कोणासाठी लिहिला जातो यावर त्यात काय उतरते हे ठरते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे विस्तारित रूप वापरात आले. तेथे व्रण उजव्या डोळ्याचा की डाव्या हेही शेवटचा अंक सांगतो. विमा कंपनीला बिल द्यायचे, तर तिला डोळा कोणता हे कळायला हवे. परंतु इजेच्या बाह्य कारणाचा संकेतांक लिहिण्याची राष्ट्रीय पातळीवर सक्ती तेथेही नाही. डोळा मोजला जातो, त्या डोळ्यावर काय ओढवले हे रुग्णालयाच्या मर्जीवर सोडले जाते. आपल्याकडेही आरोग्यसेवा विम्याच्या वाटेने निघाली असताना हे उदाहरण विसरता कामा नये. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बुबुळाच्या व्रणाचा रुग्ण बहुधा घरीच असतो. तो आठवडेच्या आठवडे, सुरुवातीला तर दर तासाला, थेंब घालीत बसतो. त्याचे दुखणे विम्याच्या हिशेबात क्वचितच येते.

खर्च कोणाच्या माथी?

अर्थशास्त्रात उत्पादनखर्चाची चर्चा पुष्कळ होते. बियाणे, खत, पाणी, मजुरी, भाडे, व्याज यांची बेरीज केली जाते. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की खासगी उत्पादनव्यवस्था आपल्या खर्चाचा मोठा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवते आणि तो इतरांच्या माथी मारते. भाताच्या पोत्यात आणि साखरेच्या गोणीत असा एक अलिखित खर्च असतो. त्यात मजुराचा बुडालेला रोज आहे, तालुक्याला आणि जिल्ह्याला घातलेल्या खेपांचे भाडे आहे, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आहे, सावकाराचे व्याज आहे, आणि शेवटी एका डोळ्याची किंमत आहे. दर तासाला थेंब घालायचे तर त्या दिवशी खुरपणीला जाता येत नाही. औषध फुकट मिळाले, तरी ते घालण्याचा वेळ फुकट मिळत नाही.

कायद्याने या डोळ्याची किंमत ठरविली नव्हती असे नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी आणि डोळाच गमावल्यास ४० टक्क्यांनी घटल्याचे धरले होते. परंतु भरपाई मिळण्यासाठी इजा कामातून आणि काम चालू असताना झाली हे दाखवावे लागे. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला, तरी मूळ अट तीच राहिली. आता केस पेपरवर एच-१६.९ एवढेच लिहिले असेल, तर हे दाखवायचे कसे? मुकादम म्हणणार, डोळा आधीच खराब होता. ठेकेदार म्हणणार, हा मजूर आपला नव्हेच. पहिल्या दिवशीच्या डॉक्टरी नोंदीत ‘भात कापताना, मजुरीवर, कुसळ लागून’ असे शब्द असते, तर त्या कागदाला पुराव्याचे वजन आले असते.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आली. तिच्यात अपघाताने एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये देण्याची तरतूद झाली. ही तरतूद चांगली आहे. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, आणि जो दुसऱ्याच्या शेतात वाकून कुसळाच्या सर्वांत जवळ असतो, त्या भूमिहीन मजुराला तिच्यात जागा नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्याला आपली म्हण हिणवते. येथे मात्र मजुराच्या डोळ्यातले खरेखुरे कुसळ शासनाला दिसत नाही, ही तक्रार आहे.

भक्तपूरचा धडा

हा सारा अनर्थ अटळ आहे काय? नेपाळमधील भक्तपूर येथे १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत जे काम झाले त्याने याचे उत्तर दिले. तेथे ३४,९०२ लोकवस्तीवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी स्वच्छमंडलावर ओरखडा पडलेल्या ४४२ जणांना एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. त्यांतील ९६ टक्के लोक व्रण न होता बरे झाले. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेले २८४ जण होते. त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांत मात्र १४ जणांना झाला. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळा वाचविणारी गोष्ट मोठ्या शहरात नव्हती. ती गावात होती, स्वस्त होती आणि घड्याळाशी बांधलेली होती.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की नेपाळमध्येच अधिक काटेकोर पद्धतीने झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे सेवक नेमलेल्या गावांत आणि न नेमलेल्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यातून मलम निरुपयोगी ठरत नाही. ठरते ते एवढेच, की सेवक नेमला म्हणजे काम झाले असे नव्हे. माणूस त्याच्याकडे वेळेत येतो काय, ओरखडा ओळखला जातो काय, इजाच टळते काय, हे तपासावे लागते. आणि ते तपासायचे तर इजा कोठे, कशाने, कोणत्या कामात होते याची नोंद लागते. म्हणजे विषय पुन्हा रकान्याशीच येऊन ठेपतो.

काय करावे?

यावर एक आक्षेप येतो. सकाळी शंभर-दीडशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने संकेतांकांचा ग्रंथ कधी उघडायचा? आक्षेप खरा आहे, पण उत्तरही अवघड नाही. डॉक्टरने ग्रंथ उघडण्याची गरज नाही. केस पेपरवर दोन ओळी छापलेल्या असाव्यात : ‘डोळ्यात काय गेले?’ आणि ‘त्या वेळी कोणते काम, कोणासाठी करीत होता?’ ही उत्तरे नेत्रचिकित्सा अधिकारी किंवा परिचारिका लिहू शकते, आणि अंक नंतर कारकून टाकू शकतो. दुसरी भीती अशी, की अशी नोंद होऊ लागली तर ठेकेदार मजुरावर दबाव आणील. म्हणून नोंदीचा कागद मजुराच्या हाती आणि एकत्रित आकडे जनतेसमोर, ही मागणी संघटनेने एकाच वेळी करावी.

तेव्हा कार्यक्रम असा. गावागावांतील आशा कार्यकर्तीच्या पेटीत जंतुनाशक मलम असावे आणि डोळ्याचा ओरखडा ओळखण्याचे शिक्षण तिला मिळावे. तालुक्याच्या प्रत्येक इस्पितळात व्रण खरवडून तपासण्याची सोय आणि नॅटामायसिन असावे. चिठ्ठीवाचून स्टिरॉइडचे थेंब विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी. मळणी, खडी आणि वेल्डिंगच्या कामावर चष्मा पुरविण्याची जबाबदारी काम घेणाऱ्याची असावी. अपघात अनुदानातून भूमिहीन मजूर वगळला जाऊ नये. आणि या सर्वांच्या मुळाशी, प्रत्येक नोंदीत बाह्य कारणाचा संकेतांक सक्तीचा असावा.

शासनाच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या सुगीत आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. डोळा लाल होऊन ठणकणारा प्रत्येक मजूर त्याच दिवशी इस्पितळात पोहोचवावा, त्याच्या केस पेपरवर कारण लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि ते आपल्या वहीतही उतरवावे. हंगामाच्या शेवटी ती वही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी. अनिर्दिष्ट म्हणून ज्यांची नोंद झाली असती, त्या माणसांची नावे, कामे आणि कारणे तेथे लिहिलेली असतील, आणि मग त्यांच्याकडे डोळेझाक करणे कोणालाही सोपे जाणार नाही.